केळीच्या घडाला गणवेश

सोलापुरात जून महिना जानेवारीतच लागतो. निदान भवानी पेठेतल्या आमच्या हॉलात तरी. शाळा उघडायच्या कितीतरी आधी आमची मशीनं पोरांचे शर्ट, हाफ पँट आणि चुण्यांचे स्कर्ट शिवायला लागतात. मार्च सरेपर्यंत गोदामात पाय ठेवायला जागा नसते. मग उन्हाळ्यात माल गावोगावी जातो, जूनमध्ये पोरं करकरीत कपड्यांत शाळेत जातात, आणि आम्ही दोघं एक दिवस हॉल बंद ठेवून अक्कलकोटला जाऊन येतो. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून वर्ष असंच फिरत आलेलं.

दोन हजार वीसच्या मार्चमध्ये ते फिरायचं थांबलं. गोदाम गच्च भरलेलं आणि शाळांना कुलूप. बरं, हा माल दुसऱ्या कुणाला विकावा म्हटलं, तर तो रस्ता आम्हीच आमच्या हाताने बंद करून ठेवलेला. जूनच्या गर्दीत वेळ जाऊ नये म्हणून आमच्या धंद्यात आधीच प्रत्येक खिशावर शाळेचं चिन्ह शिवून ठेवतात. मोठं शहाणपणाचं काम. आता छातीवर समई आणि उघडं पुस्तक घेऊन बाजारात कोण हिंडणार होतं?

माझं नाव राजेश्वरी. मी तापट आहे. हे मी कौतुकाने सांगत नाही, पण लपवूनही उपयोग नाही. पेठेत कुणालाही विचारा. आमचे हे, शिवशरण, माझ्या बरोबर उलट. ते रागावत नाहीत, गप्प होतात. त्या वर्षी ते असे काही गप्प झाले की घरातलं भिंतीवरचं घड्याळ त्यांच्यापेक्षा जास्त बोलायचं.

मध्येच एका शाळेने मोबाइलवरच्या वर्गालाही युनिफॉर्म सक्तीचा केला, तेव्हा मला वाटलं, सुटलो. आया आल्या, आणि नुसते शर्ट घेऊन गेल्या. मोबाइलमध्ये पोरगं कमरेच्या वरच दिसतं ना! वर शाळेचा शर्ट, खाली घरातली बर्म्युडा, असा कारभार. एका बाईला मी म्हटलंही, "मास्तरांनी उभं राहायला सांगितलं तर?" ती हसली. मला अजिबात हसू आलं नाही. त्या शाळेचे माझे सगळे जोड तुटले आणि गोदामात नुसत्या हाफ पँटा आणि स्कर्ट कुबट होत पडले.

मग मास्क आले. आम्हीही पांढऱ्या कापडाचे ताके आणून मास्क शिवले. पण सोलापुरात ज्याच्या घरी सुई होती तो प्रत्येक जण मास्क शिवत होता. पावसाळा लागेपर्यंत मास्कचा भाव इतका पडला की शिवण्यापेक्षा न शिवणं परवडायला लागलं. उरलेले ताके कोपऱ्यात उभे केले, बायकांना घरी पाठवलं आणि ह्यांनी हॉलला कुलूप घातलं. मी तिकडे जाणंच सोडलं. रोज ज्या आवाजात आपलं आयुष्य गेलं तो आवाज नसलेल्या खोलीत जाऊन करायचं काय?

गणपती झाले आणि बसवराज घरी आला. हा ह्यांचा मावसभाऊ. त्याचा टॉवेलचा कारखाना आहे. दवाखान्यांनी त्या वर्षी टॉवेल भरपूर घेतले, त्यामुळे त्याची गाडी बरी चालली होती. शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात तो मास्क हनुवटीवर ओढून बसला आणि म्हणाला, "वैनी, रागावू नका की. मशीन चालली नाहीत की गंजतात. माझ्याकडं किनार शिवायला आली तर चालत तरी राहतील. हॉल पण मी भाड्यानं घेतो, टॉवेलच्या गठ्ठ्यांना जागा पाहिजेच मला. दादाला घरबसल्या भाडं मिळेल."

त्यात खोटं काही नव्हतं आणि फसवणूकही नव्हती. त्याचाच मला जास्त राग आला. लबाड माणसाला चार शब्द सुनावून मोकळं होता येतं. या शहाण्याला काय सुनावणार? मी चहाचा कप त्याच्यापुढे असा आदळला की बशीत चहा जास्त आणि कपात कमी उरला.

"दिवाळी पाडव्याला घेऊन जा," हे माझ्याकडे न बघता त्याला म्हणाले.

तो गेल्यावर मी विचारलं, "मला विचारलंत?"

"विचारलो असतो तर तू नको म्हणली असतीस."

"मग?"

"मग काय. साकु आता," हे म्हणाले. साकु म्हणजे पुरे. आमच्या घरात शेवटचं बोलायचं असलं की कन्नड बाहेर येतं. "मी शब्द दिलोय."

शब्द दिला की संपलं, हा ह्यांचा स्वभाव. कापडवाले, शाळावाले, सगळ्यांनी ह्यांच्या नुसत्या शब्दावर व्यवहार केले. तो शब्द मोडा असं मी कोणत्या तोंडाने म्हणणार होते? पण मशीनं जाणार या विचाराने मला जेवण जाईना. ती नुसती लोखंडाची वस्तू नव्हती. त्या हॉलात मी धंदा शिकले, भांडायला शिकले, पोटात बाळ असताना शेवटच्या महिन्यापर्यंत तिथे गुंड्या लावल्या. तो हॉल गेला तर मी कोण उरणार, हेच मला कळत नव्हतं.

खंडेनवमीला मात्र कुलूप उघडावं लागलं. त्या दिवशी आम्ही हत्यारांची पूजा करतो आणि आमची हत्यारं म्हणजे मशीनं. दरवर्षी बायका आपापलं मशीन पुसतात, हळदकुंकू वाहतात, झेंडूची माळ घालतात आणि मग त्या दिवशी त्याला सुईसुद्धा लावत नाहीत. यंदा मी एकटीच ताट घेऊन रांगेतून चालले. प्रत्येक मशीनपाशी थांबले. ही शेवटची पूजा, असं मनात येत होतं आणि मी ते मनातून हाकलत होते. खिडकीजवळ पोचले तर तिथे मशीनच नव्हतं. फरशीवर चार पायांच्या खुणा तेवढ्या होत्या.

ती जागा बजाबाईची. बजाबाई आमची सगळ्यात जुनी कारागीर, मूळची करमाळा तालुक्यातल्या जेऊरची. तिचं मशीन पायाचं, जुनं, वीज गेली तरी चालणारं.

"बजाबाईचं मशीन कुठंय?"

ह्यांनी वर पंख्याकडे पाहिलं. "जेऊरला."

"कुणी नेलं?"

"तिनंच नेलं."

एवढं बोलून ह्यांनी पंख्याकडे बघणं सुरूच ठेवलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मशीन बसवराजने न्यायचं ते नेणार, बजाबाईने न्यायचं ते नेलं, आणि मी काय नुसती हळदकुंकवाला? दसरा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मी टेंभुर्णीपर्यंत एसटीने आणि पुढे वडापने, जीपमध्ये दाटीवाटीने बसून, जेऊर गाठलं. वाटेत बजाबाईला काय काय बोलायचं ते मी पाठ करत होते.

गावात विचारलं तर बजाबाई भावाच्या केळीच्या बागेत आहे असं कळलं. बागेच्या बांधाशी पोचले तोच आतून आरडाओरडा ऐकू आला. एक उंच माणूस हातात पांढऱ्या चिंध्या धरून ओरडत होता आणि समोर बजाबाई पदराने डोळे पुसत उभी होती. तो तिचा भाऊ सयाजी.

"लई मोठी सोलापूरची कारागीर! ह्यो बग तुजा माल! समद्या फाटल्या! घडावर डाग पडला की केळं भाईर देशात जात न्हाय, हितंच रद्दी भावात इकावं लागतं. आता मी काय करू, सांग की!"

पाठ केलेलं सगळं भाषण मी एका क्षणात विसरले. आमच्या हॉलातल्या कारागिराची शिवण फाटली, असं कुणी माझ्या देखत म्हणावं? मी तरातरा पुढे गेले आणि त्याच्या हातातून ती चिंधी ओढून घेतली.

"कुठं फाटलीय शिवण? दाखवा!"

"तुमी कोन?" सयाजी गोंधळून म्हणाला.

"ह्या माज्या मालकीणबाई," बजाबाई घाबरून म्हणाली. मग माझ्याकडे वळून घाईघाईने सांगायला लागली, "वैनी, मशीन मी चोरलं न्हाय. मालकांनीच दिलं की. म्हनले, हितं गंजण्यापरीस तुज्या पोटाला तरी येईल. भाजीच्या टेंपोत घालून दिलं त्यांनी सवता."

तर असा होता तो पंखा. मी मनातल्या मनात ह्यांना चार शिव्या घातल्या, आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी मला त्यांचा फार अभिमानही वाटला. पण ते नंतर. आधी हातातली चिंधी.

ती केळीच्या घडावर घालायची पिशवी होती. ऊन, धूळ आणि किडे लागू नयेत म्हणून बागायतदार घडाला अशी पिशवी घालतात. ती लांबून यायची. त्या वर्षी गाड्याच वेळेवर येईनात. बजाबाईकडे मास्कच्या कापडाचा एक ताका होता. तिने टेप घेऊन भावाचे घड मोजले आणि अंगाबरोबर सुरेख पिशव्या शिवून दिल्या. मी उजेडात धरून पाहिलं. शिवण एका जागी उसवलेली नव्हती. फाटलं होतं ते शिवणीच्या शेजारचं कापड.

"बजाबाई, माप कधी घेतलं होतंस?"

"घड भाईर पडल्यावर. दीड म्हैना झाला आसंल."

आम्ही दोघींनी एकदमच वर पाहिलं. समोर घड लोंबत होता, चांगला भरलेला, माझ्या कवेत न मावणारा. आणि मग मला जे हसू फुटलं ते मार्चपासून साठलेलं होतं. सयाजीला वाटलं, बाईला वेड लागलं. आयुष्यभर आम्ही वाढत्या अंगाचे कपडे शिवले. पहिलीच्या पोराला तिसरीचा शर्ट घ्या, असं प्रत्येक आईला बजावून सांगितलं. आणि केळं वाढतं, एवढी साधी गोष्ट विसरून गेलो!

"हसू नका वैनी," बजाबाई म्हणाली, पण तीही हसायला लागली होती.

"अगं, मग मोठी शिव की. तिसरीचं माप दे."

"न्हाय जमत बाई," सयाजी आता जरा निवळला होता. "मोठी पिशवी वाऱ्यानं फडफडती. फडफडली की घासती, घासली की डाग. अंगाबरोबर पायजे, आन वाढलं की सैल पन पायजे. हाय का तुमच्याकडं आसलं कापड?"

असलं कापड जगात नव्हतं. मी बजाबाईच्या खोलीत तिच्या मशीनसमोर बसले आणि विचार करत राहिले. आधी खाली इलॅस्टिक लावून पाहिलं, पाणी साठलं. मग बाजूने काप देऊन पाहिला. तिथून किडे शिरले. सयाजी दर वेळी येऊन बघायचा, मान हलवायचा आणि काही न बोलता जायचा. त्याचं ते न बोलणं अगदी आमच्या ह्यांच्यासारखं होतं, त्यामुळे मला आणखीच चेव यायचा. परत जायचं सोडून मी तिथेच मुक्काम ठोकला. बजाबाईची हुलग्याची पिठी आणि भाकरी खायची आणि बागेत वर बघत फिरायचं, असे माझे दिवस चालले होते.

एका सकाळी बजाबाईची भाची अंगणात जुना शाळेचा स्कर्ट घालून दोरीच्या उड्या मारत होती. उडी मारली की चुण्या उघडायच्या, उभी राहिली की मिटायच्या. मी हातातला चहा तसाच ठेवला.

"बजाबाई, चुण्या!"

"काय?"

"पिशवीला चुण्या घालायच्या. चारी बाजूंनी. आणि त्या चुण्यांना कच्ची शिलाई मारायची. टाका लांब, दोरा सैल."

कच्ची शिलाई म्हणजे आम्ही पक्की शिवण घालण्याआधी कापड जागेवर राहावं म्हणून मारतो ती. बोटाने ओढली तरी निघते. बजाबाईला पुढचं सांगावं लागलं नाही. घड वाढेल तसा तोच आतून दाब देणार, एकेक टाका आपोआप सुटणार, चुण्या उघडत जाणार. पिशवी कायम अंगाबरोबर. वर दांड्याला बांधायला हाफ पँटीसारखी नाडी, खाली मोकळं. दुपारपर्यंत आम्ही एक ओळभर घडांना पुरतील एवढ्या पिशव्या शिवल्या आणि सयाजीने शिडी लावून त्या चढवल्या. सगळी ओळ पांढऱ्या कपड्यांत गुमान उभी राहिली. प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या वर्गासारखीच दिसत होती ती. मला भरून आलं. इतक्या महिन्यांत मी शिवलेलं काहीतरी पहिल्यांदाच कुणाच्या तरी अंगावर चढलं होतं.

"बगू," सयाजी म्हणाला. "फाटली न्हाय तर पुडचं बोलू."

मी सोलापूरला परतले. मशीन तिथेच ठेवलं. ह्यांना मी सगळं सांगितलं. पंख्याचं काही बोलले नाही. ह्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पाडवा जवळ आलाय." बास. दिवाळीचा फराळ करताना माझं लक्ष मोबाइलकडे होतं. चकल्या दोनदा करपल्या.

फोन आला तो चित्र दाखवणारा. पडद्यावर आधी सयाजीच्या नाकपुड्या दिसल्या, मग आभाळ, मग एकदाचा घड. "बगा बाई," तो ओरडत होता, "टाकं सुटाय लागल्यात! चुणी उगडली! आत डाग न्हाय का खरचटलं न्हाय!" मागे आणखी माणसं वर बघत उभी होती, शेजारच्या बागांचे मालक. त्यातला एक जण कॅमेऱ्यात तोंड घालून म्हणाला, "आमाला पन पायजेत. लगीच पायजेत. आमचं घड काय थांबणार हायत का?" पाडव्यापर्यंत पहिला माल पोचला नाही तर उपयोग नाही, असं सगळ्यांचं एकच म्हणणं होतं. पिशवीशिवाय घड त्याहून जास्त दिवस ठेवता येणार नव्हता.

मी त्याच पावली चपला घातल्या आणि बायकांच्या घरांच्या दिशेने निघाले. मला भीती होती की कुणी येणार नाही. इतके महिने आम्ही त्यांना काय दिलं होतं? पण पहिल्या दारात मी पुरतं बोलायच्या आधीच ती बाई आत कुणाला तरी म्हणाली, "पोळ्या तू लाट, मी चालले." दुसऱ्या दिवशी हॉलात दिवे लागले. मशीनना तेल घातलं, पट्टे ताणले, आणि तो आवाज पुन्हा सुरू झाला. सुरुवातीला जरा खरखरीत, मग एकसारखा. मी दारात उभी राहून ऐकतच राहिले.

कोपऱ्यातले मास्कचे ताके बाहेर निघाले. पण कापायचं कोणी? आमच्याकडे कापणी फक्त ह्यांची. मी बोलवायला गेले नाही. म्हटलं, यायचं तर स्वतः येतील. दुपारी जिन्यावर पावलं वाजली. हे आले, टेबलावरची मी काढलेली आखणी पाहिली, खडूची एक रेघ पुसली, दुसरी मारली.

"चुणी एवढी खोल नको," ते म्हणाले. "कापड वाया जायलंय."

कुलूप लावल्यापासून शिवणकामाबद्दल ह्यांनी उच्चारलेलं ते पहिलं वाक्य. मला भांडावंसं वाटलं, इतका आनंद झाला.

सवय मोठी वाईट असते. संध्याकाळी पाहते तर बायकांनी प्रत्येक पिशवीला आतून मापाचा बिल्ला शिवलेला, शर्टाच्या कॉलरला शिवतात तसा. बत्तीस, चौतीस, छत्तीस. मी कपाळावर हात मारला, पण उसवत कोण बसणार? म्हटलं, जाऊ दे तसाच माल, कुणी हसलं तर हसलं. प्रत्यक्षात जेऊरच्या बागायतदारांना तेच सगळ्यात आवडलं. पुढे ते फोनवर "चौतीस नंबर पाठवा" असं म्हणायला लागले, आणि सयाजी तर लहान घडाला पहिलीतला आणि मोठ्याला सातवीतला म्हणतो.

रोज रात्री घरी जाताना मी ह्यांना विचारायची, "बसवराजला सांगितलंत?"

"सांगतो," हे म्हणायचे.

सांगितलं नाही. दिलेला शब्द परत घ्यायचा तर तो कोणत्या तोंडाने, हे त्यांना सुचत नव्हतं. मी फोन केला असता तर दोन मिनिटांत काम झालं असतं. पण शब्द त्यांचा होता, आणि माझ्या तोंडून तो मोडला असता तर ते मला कधीच माफ करू शकले नसते.

पाडव्याच्या सकाळी बायका सण बाजूला ठेवून आल्या होत्या. शेवटचे गठ्ठे बांधायचे राहिले होते. खाली हॉर्न वाजला. नवा पांढरा शर्ट घालून, पेढ्यांचा पुडा घेऊन बसवराज जिना चढून आला, मागे दोन हमाल. दारातच थबकला. त्याच्या मनात कुलूपबंद हॉल असणार. इथे दिवे, आवाज, पांढऱ्या कापडाचे ढीग. एकेक करून मशीनं थांबली. बायकांनी कुणी न सांगता आपापल्या मशीनवर हात ठेवले.

"दादा, आज पाडवा," बसवराज म्हणाला.

"माहितीय."

"टेम्पो आणलोय."

माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. मी दात दाबून गप्प बसले. मला गप्प बसण्याची सवय नाही. ते फार जड गेलं. हे टेबलामागून बाहेर आले. हाताला खडू लागलेला.

"बसवराज, मी तुला शब्द दिलो होतो. तो आज मोडतो. ह्यातलं एक पण मशीन मिळणार नाही. हॉल पण नाही. तुला राग येईल, तो योग्य आहे. चार लोकांत सांग, शिवशरण बोलून फिरला म्हणून. मी मान खाली घालून ऐकून घेतो. पण मशीन देणार नाही."

धंद्याच्या इतक्या वर्षांत ज्याने कधी एका फुटक्या गुंडीसाठीही शब्द फिरवला नाही, त्या माणसाने हे बोलणं म्हणजे काय, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आणि बसवराजलाही.

तो पुढे आला. त्याने ढिगातली एक पिशवी उचलली, उलटसुलट केली, चुणी बोटाने ओढली. टक करून टाका सुटला. तो दचकला आणि मग त्याने आणखी एक ओढला.

"हे काय केळीला परकर नेसवायलाव काय?"

"परकर म्हणा, गणवेश म्हणा," मी म्हटलं. आता मात्र मला राहवलं नाही. "आतला बिल्ला वाचा. छत्तीस नंबर आहे."

त्याने बिल्ला वाचला आणि तो हसायला लागला. हमाल हसले, बायका हसल्या. हे तेवढे हसले नाहीत. ते हातावरचा खडू झटकत राहिले.

"दादा, आधी फोन केला असतास तर मी काय खाल्लो असतो का तुला?" बसवराज म्हणाला. "मशीन मला दुसरीकडं मिळतील. पण सणाच्या दिवशी टेम्पो रिकामा परत नेऊ? अपशकुन की तो."

"रिकामा कशाला?" मी म्हटलं. "गठ्ठे बांधलेलेच आहेत. जेऊरला जायचंय."

त्याने पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला, बाह्या सरसावल्या आणि स्वतःच पहिला गठ्ठा उचलला. बायकांनी हातोहात गठ्ठे जिन्यावरून खाली दिले. गल्लीतली माणसं दारात येऊन बघायला लागली. भवानी पेठेतून त्या वर्षी भरून निघालेली आमची ती पहिली गाडी.

मी म्हटलं, कुणीतरी बरोबर जायला हवं, चढवायचं कसं ते दाखवायला. तर हे आधीच पुढच्या सीटवर बसलेले! मार्चपासून जो माणूस घर आणि हॉल सोडून कुठेही गेला नव्हता, तो काचेतून बसवराजला समजावत होता, "आधी नाडी बांधायची. मग चुण्या सरळ करायच्या. कळलं का?" टेम्पो सुरू झाला. वळणावर ह्यांनी हात बाहेर काढून हलवला. माझ्याकडे पाहून हलवला.

शाळा उघडायला नंतर फार काळ गेला. उघडल्या तेव्हा सगळी पोरं दोन इयत्ता वाढलेली होती, कुणाचाच जुना कपडा कुणाला येत नव्हता, आणि चालू हॉल आणि भरलेलं गोदाम असलेले आम्ही होतो. दारात रांग लागली. पण त्या सकाळी हे काही ठाऊक नव्हतं. त्या सकाळी मी गल्लीत उभी राहून रडले, चारचौघांत, आणि डोळे पुसायचे कष्टही घेतले नाहीत.

वर गेले तर बायका पुन्हा मशीनवर बसल्या होत्या. शेजारच्या बागांचा माल अजून शिवायचा होता.

"वैनी," एक जण म्हणाली, "मालक तर गेले. आता कापणार कोण?"

"मी," म्हटलं. पदर खोचला आणि कात्री हातात घेतली.